सुकाणूशिवाय होडी कशी वळवायची?

समुद्रापासून इतक्या लांबच्या जिल्ह्यात शिडाच्या होडीचं सदर कोण वाचणार, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण ११७ टीएमसीची उजनी उशाशी आहे आणि मुंबई-गोव्याला जाऊन सेलिंग शिकणारी सोलापूरची मुलंही आता बरीच आहेत. या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: सुकाणू निसटलं, मोडलं किंवा अडकलं तर काय करायचं आणि त्याचा सराव कसा करायचा?

प्रश्न: मुलगी एनसीसीच्या नौदल विभागात आहे. एंटरप्राइझ या दोन शिडांच्या होडीवर शिकते. तिचे प्रशिक्षक मुद्दाम सुकाणू काढून होडी चालवायला लावतात. घरी आम्हाला हे धोक्याचं वाटतं. याची खरंच गरज आहे का? (पालक, जुळे सोलापूर)

आहे, आणि ती फक्त संकटापुरती नाही. सुकाणू हातात असलं की शिडं चुकीची लावलेली, वजन चुकीच्या जागी, तरी होडी सरळ जाते. सुकाणूचा दांडा ओढून धरला की झालं. चूक दिसतच नाही, फक्त वेग पडतो. सुकाणू काढलं की होडी तीच चूक लगेच तोंडावर दाखवते.

संक्रांतीला पतंगाला सुत्तर बांधताना गाठ दोन बोटं इकडची तिकडे झाली, तर पतंगाचा स्वभावच बदलतो. इथेही तसंच आहे. शिडांवरचा वाऱ्याचा सगळा जोर एका बिंदूवर धरला आणि पाण्याखाली सेंटरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात उतरवलेली उभी फळी) व होडीचं अंग जिथे अडवतं तो दुसरा बिंदू धरला, तर हे दोन बिंदू एकमेकांच्या समोर असताना होडी सरळ जाते. शिडांचा जोर मागे सरकला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळते. जोर पुढे सरकला की नाळ वाऱ्यापासून दूर पडते. बाकी सगळी करामत हे दोन बिंदू पुढे-मागे करण्याची आहे.

धोक्याचं म्हणाल, तर तो वारा, जागा आणि सोबत यांवर ठरतो. वारा ५ ते ८ नॉट, म्हणजे ताशी साधारण ९ ते १५ किलोमीटर असावा. यंत्र नसेल तर झाडाकडे बघा: पानं सळसळत असतील, बारीक डहाळ्या हलत असतील, पण पाण्यावर पांढरा फेस जागोजागी दिसत नसेल, तर सरावाला वारा ठीक. वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला निदान ३०० मीटर मोकळं पाणी हवं, कारण काही जमलं नाही तर होडी तिकडेच वाहत जाणार. मदतीची मोटरबोट हाकेच्या अंतरावर, प्रत्येकाच्या अंगावर बंद बांधलेलं जॅकेट आणि होडीत एक वल्हं. एवढं असेल तर निर्धास्त पाठवा. यातलं एकही कमी असेल, तर प्रशिक्षकांना विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न: दोन शिडांच्या होडीवर हा सराव कुठून सुरू करायचा? आम्ही एकदा सुकाणू काढून पाहिलं, तर होडी नुसती गोल फिरत राहिली. (दोन मित्र, टेंभुर्णी)

गोल फिरलात कारण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारलीत. शिवाय सेंटरबोर्ड बहुधा पूर्ण खाली असणार. सुरुवातीच्या दहातल्या नऊ जणांचं इथेच फसतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'शीट' म्हणजे शीड नव्हे, शीड ओढायचा दोर. मोठ्या शिडाचा दोर ती मेनशीट, पुढच्या लहान शिडाचा दोर ती जिबशीट. होडीत एकाने 'शीट सोड' म्हणायचं आणि दुसऱ्याने शीडच उतरवायचं, हे खरोखर होतं.

पहिल्या दिवशी सुकाणू काढूच नका. वारा बरोबर बाजूने येईल अशी होडी आडवी चालवा. दांड्यावरची पकड सैल करत करत दोन बोटांवर आणा, मग सोडून द्या आणि मनात दहा आकडे मोजा. होडी लगेच वाऱ्याकडे वळली, तर मेन थोडी सोडा. वाऱ्यापासून पळाली, तर मेन थोडी ओढा किंवा जिब किंचित सोडा. दहा आकडे सरळ गेली की वीस मोजा.

दुसरी पायरी: दांडा मधोमध बांधा. होडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रबरी दोरी ताणून दांड्याला दोन वेढे द्या. बोटाने ढकलला तर दांडा हलावा, सोडला की परत मध्यावर यावा, इतकाच ताण. कच्ची साधी दोरी घट्ट बांधू नका. अचानक गरज पडली तर गाठ सुटता सुटत नाही.

तिसरी पायरी: होडी थांबवून, दोन्ही शिडं फडफडत ठेवून सुकाणू काढा आणि होडीतच आडवं बांधून ठेवा. काही जण सुकाणू न काढता फक्त त्याचं पातं वर उचलतात. चालेल, पण मग दांड्याला हात लावू नका. पातं मागे आडवं तरंगत असताना दांडा जोराने ओढला, तर सगळा पीळ सुकाणूच्या डोक्यावर येतो आणि तिथेच लाकूड चिरतं.

आता सेंटरबोर्ड. तो पूर्ण खाली असेल तर होडी एका खिळ्यावर टांगल्यासारखी फिरते. एंटरप्राइझसारख्या होडीत बोर्ड खिळीवर फिरत वर येतो, म्हणजे वर घेताना मागेही सरकतो. तो अर्ध्यापर्यंत वर घ्या. होडी जरा आडवी घसरेल, पण फिरणं मंदावेल आणि तुम्हाला विचार करायला दोन क्षण मिळतील. ज्या होड्यांत बोर्ड सुरीसारखा सरळ वर-खाली होतो, तिथे तो मागे सरकत नाही. त्यामुळे एवढा फरक पडत नाही, तरी एक तृतीयांश वर घेतलेला बरा.

कामं वाटून घ्या. मागच्याकडे मेनशीट, पुढच्याकडे जिबशीट. दोन्ही दोर हातात. क्लीटमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या चापात, अडकवलेला दोर ऐन वेळी सुटत नाही.

वाऱ्याकडे वळायचं असेल तर होडी शिडाकडच्या बाजूला दहा अंश कलू द्या, मेन ओढा, जिब सोडा, दोघांनीही एक टीचभर पुढे सरका. वाऱ्यापासून दूर पडायचं असेल तर सगळं उलट: होडी वाऱ्याकडे कलवा, मेन सोडा, जिब ओढलेली ठेवा, वजन मागे. यात सगळ्यात ताकदीचं आहे कलणं, आणि नवशिके नेमकं तेच विसरून फक्त दोरांशी झगडत बसतात. होडी एका अंगावर कलली की पाण्यात बुडालेला भाग दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही. बुडालेल्या बाजूचा फुगीर गाल नाळेला विरुद्ध दिशेला ढकलतो. शिवाय शीडही त्या बाजूला बाहेर झुकतं आणि तिथून ओढून होडीला त्याच विरुद्ध दिशेला फिरवतं.

आता गोल फिरण्याचं खरं कारण. सुकाणू नसलेली होडी वळायला लागली की वळतच राहते, कारण थांबवायला मागे काहीच नसतं. म्हणून हवी ती दिशा यायच्या आधीच उलटी कृती सुरू करायची. नाळ लांबच्या झाडावर यायला वीस अंश उरले की होडी सपाट करा, दोर पूर्ववत करा. होडी एक-दोन सेकंद उशिरा ऐकते. तेवढा दम धरला नाही तर माणूस आणखी ओढतो, मग आणखी सोडतो, आणि होडी दारू प्यायल्यासारखी नागमोडी जाते.

एक बारीक गोष्ट राहते: बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, खाली ओढून धरणारा दोर, किकिंग स्ट्रॅप. तो ताणलेला असेल तर मेनशीट कितीही सोडली तरी शिडाची मागची कड वारा धरून ठेवते आणि होडी वाऱ्यापासून वळायला नकार देते. सरावाला तो सैल ठेवा. सगळं बरोबर करूनही होडी ऐकत नसेल, तर नव्वद टक्के वेळा दोष इथे सापडतो.

प्रश्न: सरळ जमतं, पण टॅक घेताना, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे नेऊन वळताना, होडी वाऱ्याच्या तोंडावर अडकते आणि मागे जाऊ लागते. (तेच मित्र)

वेग नसताना वळलात. टॅकच्या आधी आडव्या वाऱ्यावर चांगला वेग घ्या. मग होडी शिडाकडे कलू द्या, मेन ओढा, जिब सोडा. नाळ वाऱ्यातून पलीकडे जाताच पुढच्याने जिब जुन्याच बाजूला ओढून धरायची. वारा तिच्यावर उलट्या बाजूने आदळतो आणि नाळेला ढकलून पलीकडे नेतो. नाळ पुरेशी पडली की जिब नव्या बाजूला आणा. त्याच वेळी मेन मोकळी सोडलेली हवी. ओढलेली मेन म्हणजे वारा दाखवणाऱ्या कोंबड्याचं शेपूट; ती नाळेला पुन्हा वाऱ्यात आणून ठेवते.

तरी अडकलातच, तर एवढं लक्षात ठेवा: जिब डावीकडे धरली तर नाळ उजवीकडे जाते. एका शिडाच्या होडीत बूम हाताने बाहेर ढकलावा लागतो, आणि तिथे हिशेब उलटा आहे. बूम ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला नाळ वळते, कारण ते शीड फिरण्याच्या बिंदूच्या मागे असतं आणि होडीची पिछाडी ढकलतं.

जाइब, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात शीड पलटवणं, सुकाणूशिवाय करायची घाई नको. बूम डोक्यावरून सपकन जातो, लगेच होडी नव्या बाजूला जोरात वाऱ्याकडे वळते आणि तिथेच उलटते. पहिले काही दिवस तीन चतुर्थांश वर्तुळ फिरून टॅकच घ्या. वेळ लागतो, डोकं शाबूत राहतं.

प्रश्न: मुलगा ऑप्टिमिस्ट चालवतो. एकच शीड, जिबच नाही. त्याने काय करायचं? (बार्शी)

कलवायचं. ऑप्टिमिस्ट २.३० मीटरची, रिकामी ३५ किलोची. त्यात बसलेल्या मुलाचं वजन होडीपेक्षा बहुधा जास्त. तो एक वीत सरकला तरी होडीला कळतं. वाऱ्याकडच्या कडेवर बसून होडी स्वतःच्या अंगावर कलवली आणि मेनशीट सोडली की नाळ वाऱ्यापासून पडेल. आत सरकून शिडाकडे कलू दिली आणि शीट ओढली की वाऱ्याकडे येईल. वर सांगितलेलं बूम ढकलणं याच होडीत शिकवावं. लहान मुलांना त्यात भारी मजा वाटते, कारण होडी मागे मागे जाते. सरावाआधी होडीतल्या तरंगत्या पिशव्या पूर्ण फुगवलेल्या आहेत आणि त्यांचे पट्टे बांधलेले आहेत, हे मोठ्या माणसाने हात लावून पाहावं.

प्रश्न: आमच्या चंद्रभागेतल्या नावांना कुठे सुकाणू असतं? नावाडी वल्ह्यानं नि बांबूनं नाव कुठेही नेतो. मग एवढा खटाटोप कशाला? (पंढरपूर)

प्रश्न अगदी रास्त. वल्हं हे जगातलं जुनं सुकाणूच आहे, आणि तुमचे नावाडी जे हातानं करतात ते नीट पाहून शिकण्यासारखं आहे. फरक शिडाचा. शीड नसलेल्या नावेला वारा कमी धरतो आणि नावाड्याला फक्त पाण्याशी भांडायचं असतं. शिडावर जोर आला की तोच जोर वल्ह्याच्या पात्यावर पेलावा लागतो. म्हणून शिडाच्या होडीत आधी शिडं आणि वजन जुळवायचं, मग राहिलेल्या दुरुस्तीपुरतं वल्हं. उलट केलंत तर पाच मिनिटांत मनगट जातं.

चार-साडेचार मीटरच्या होडीला सव्वा ते दीड मीटरचं वल्हं पुरतं. पिछाडीच्या कोपऱ्यावर, शिडाकडच्या बाजूला, पातं उभं ठेवून पाण्यात धरा. हात दुखू नये म्हणून ६ मिलिमीटर दोरीची सैल कडी करून पिछाडीच्या कड्याला अडकवा आणि वल्हं त्यातून घाला. कडी इतकी सैल हवी की वल्हं फिरवता येईल, पण निसटणार नाही. वल्ह्याच्या मुठीला आणखी एक मीटरभर दोरी बांधून होडीला जोडा. हातातून निसटलेलं वल्हं आणि सुकाणू नसलेली होडी यांची पुन्हा गाठ पडत नाही.

प्रश्न: मोठ्या समुद्री याटचं सुकाणू गेलं तर? वजन इकडून तिकडे सरकवून ती थोडीच वळणार! फळी बांधतात, बादली ओढतात, असं वाचलं. (अक्कलकोट)

बरोबर, दहा टनांच्या याटला माणसाचं वजन जाणवत नाही. आणि ही वेळ चांगल्या चांगल्यांवर येते. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये 'तारिणी' या शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा परतीच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं होतं. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत तर, सुकाणू गेल्यावर याट वळवण्याची निदान एक पद्धत त्याच याटवर प्रत्यक्ष करून पाहिलेली असावी, अशी अट आहे.

फळीचा उपाय कागदावर छान दिसतो. लांब काठीच्या टोकाला केबिनच्या दाराची फळी बांधायची आणि ती मागे पाण्यात सोडून वल्ह्यासारखी फिरवायची. दोन ठिकाणी फसतं. एक, पाण्याच्या जोराने गोल काठी स्वतःभोवती फिरते आणि फळी आडवी पडते. दोन, दोरीने बांधलेली फळी भिजून, हलून तासाभरात सैल होते. म्हणून फळीला बंदरातच चार भोकं पाडून यू-बोल्ट बसवून पाहायचे, आणि फळीच्या टोकापासून दोन दोर दोन्ही बाजूंच्या विंचकडे (दोर ओढायच्या चरख्यांकडे) आणायचे. वळवायचं ते या दोरांनी; काठी फक्त फळीला जागेवर धरते.

बऱ्याच जणांना जमतो तो मागे ओझं ओढण्याचा उपाय. कापडी ड्रोग, म्हणजे पाण्यात मागे ओढत न्यायची, वेग अडवणारी पिशवी, असेल तर उत्तम. त्याच्या दोराला इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे: एक डाव्या बाजूला, एक उजव्या. डावा फाटा ओढून आखूड केला की ओझं डावीकडे येतं, ती बाजू मागे खेचली जाते आणि याट डावीकडे वळते. फाटे अगदी पिछाडीच्या कोपऱ्यांतून घेतले तर ओझं पिछाडीलाच धरून ठेवतं आणि याट वळायला कुरकुरते. ते पुढे, याटच्या सर्वात रुंद भागाच्या आसपास कप्पीतून घेतले तर वळण चांगलं मिळतं. वेग पडतो, तो मान्य करायचा. शिडं कमी करून ठेवायची.

बादली ओढली तर ती तुटते. का? कडी पकडायच्या कानावर सगळा ताण येतो आणि प्लास्टिकचा कान फाटतो. बादलीच वापरायची तर कडी विसरा. काठाच्या खाली दोन बोटांवर समान अंतरावर चार भोकं पाडा, चार दोऱ्या घाला, त्या अर्धा मीटर पुढे एका कड्यात बांधा आणि कडं व दोर यांच्यामध्ये फिरकी कडी लावा. नाहीतर बादली भोवऱ्यासारखी फिरून दोराला पीळ पडतो. पुढे मीटर-दीड मीटर साखळी हवी. ती नसेल तर बादली लाटेवर उड्या मारते आणि ओढच राहत नाही. गॅरेजमध्ये पडलेला स्कूटरचा टायर हा बादलीपेक्षा टिकाऊ पर्याय. सोबत साखळी मात्र हवीच.

उजनीवर लहान होडीला हे करून पाहायचं असेल, तर पाच लिटरची बादली आणि दहा मीटर दोर पुरे. मोठी बादली होडीला जागेवरच थांबवते.

प्रश्न: आमच्याकडे बोट मोटरीची असते. मध्येच इंजिन बंद पडलं आणि वारं सुटलं तर काय करावं? (करमाळा तालुका)

मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यामुळे हा प्रश्न आम्ही शिडाच्या सदरात बसत नाही म्हणून बाजूला ठेवणार नाही.

मागे लावलेल्या मोटरीच्या बोटीत मोटर हेच सुकाणू. इंजिन बंद म्हणजे दिशा गेली. बोट मग वाऱ्याला आडवी होते आणि लाटा कडेवरून आत येतात. पहिलं काम इंजिनची दोरी ओढत बसणं नव्हे. पहिलं काम नाळ वाऱ्याकडे आणणं. त्यासाठी नांगर. दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट, झोताच्या वाऱ्यात सातपट सोडा. ८ मीटर पाण्यात म्हणजे निदान ४० मीटर. आखूड दोराने नांगर वर उचलला जातो आणि तळावरून घसरत येतो. दोर नाळेला बांधा, मागे कधीही नाही. मागची कड मोटरीसाठी खाली कापलेली असते, तिकडून लाट थेट आत येते. पाणी खूप खोल असेल आणि नांगर पोचत नसेल, तर तीच चार भोकांची बादली नाळेवरून सोडा. बोट वाहत जाईल, पण तोंड वाऱ्याकडे राहील.

सगळे प्रवासी खाली तळावर बसवा, उभं कुणी राहायचं नाही. एका बाजूला गर्दी झाली की बोट उलटते. भीतीने माणसं नेमकी तीच करतात. जॅकेट फळीखाली ठेवून उपयोग नाही, निघतानाच अंगावर हवं. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला आणि मदत जवळ असताना पुरतं. प्रवासी बोटीत निदान १०० न्यूटनचं घ्या.

वळवाची चाहूल आधी लागते. दुपारनंतर ढग उंच चढून माथा ऐरणीसारखा पसरतो, वारा एकदम पडतो, घुसमटल्यासारखं होतं आणि मग काठावरून धुळीचा पडदा येताना दिसतो. पाऊस मागून येतो, झोत पुढे. वारा पडला त्या क्षणी जवळचा काठ गाठा, मग तो आपल्या गावाचा असो की पलीकडच्या. शिडाची होडी असेल तर शिडं तेव्हाच उतरवा. धुळीचा पडदा पाण्यावर पोचल्यावर ती उतरत नाहीत.

प्रश्न: सुकाणू मुळात मोडतं कशानं? आधी काही तपासता येतं का? (सोलापूर)

उजनीत मुख्य शत्रू खुंट. धरण मायनसमध्ये, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेलं की जुन्या बाभळींचे बुंधे पृष्ठभागाच्या खाली हात-दीड हातावर येतात, आणि मच्छीमारांची जाळी वेगळीच. सुकाणूचं पातं आदळलं की वर उचललं जावं, म्हणून ते खाली धरणारा दोर आपोआप सुटणाऱ्या क्लीटमध्ये किंवा रबरी दोरीने बांधलेला असावा. पक्की गाठ मारली तर पातं उचललं जात नाही, मोडतं.

पाण्यात उतरण्याआधी सुकाणू दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावी-उजवी हलवा. खुळखुळ आवाज आला तर पिछाडीच्या कड्यांचे स्क्रू सैल आहेत. नुसते आवळू नका. भोक मोठं झालेलं असतं आणि स्क्रू दोन फेऱ्यांत पुन्हा सुटतो. इपॉक्सीने भोक भरून नव्याने पाडा, किंवा आरपार बोल्ट घालून आतून धातूची पट्टी द्या. होडी उलटली की सुकाणू वर सरकून निसटू नये म्हणून एक स्प्रिंगची पट्टी असते. ती अंगठ्याने दाबून सोडा. टपकन परत आली पाहिजे. शेवटी दांडा आणि त्याची लांब काडी जोडणारा रबरी सांधा वाकवून पाहा. उन्हाने त्याला बारीक चिरा पडतात. रबर दहा रुपयांच्या नोटेसारखं मऊ पडलेलं असेल तर बदला. आणि सुकाणूच्या डोक्यापासून होडीपर्यंत ४ मिलिमीटरची एक दोरी कायम बांधलेली ठेवा. निसटलेलं लाकडी सुकाणू तरंगतं खरं, पण वाऱ्यात होडी त्याच्यापाशी परत न्यायची ती सुकाणूशिवायच.

प्रश्न: सराव पुरेसा झाला हे कसं ओळखायचं? आणि सुकाणू नसताना काठाला लागायचं कसं? (माढा)

पाच लिटरचे तीन रिकामे कॅन घ्या, प्रत्येकाला दोर आणि वीट बांधा, साधारण ६० मीटर अंतरावर त्रिकोणात टाका. एक बाजू वाऱ्याला आडवी येईल असं पाहा. सुकाणू काढून हा त्रिकोण सलग तीनदा, दोन्ही दिशांनी, कॅनला न धडकता पूर्ण झाला की हात बसला असं समजा. मग जागा बदला. तुमच्या सोबत्याला मेन द्या आणि तुम्ही जिब घ्या; निम्म्या जोड्या इथे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

काठाला लागताना पूर्ण शिडं ठेवून कधीही येऊ नका. काठ वाऱ्याच्या दिशेला असेल तर पन्नास-साठ मीटर आधीच नाळ वाऱ्याकडे आणून मेन उतरवा, मग फक्त जिबवर हळूहळू या. नाळ वाऱ्याबरोबर जाते, सुकाणूची फारशी गरज लागत नाही. शेवटच्या वीस मीटरला जिबही सोडून फडफडू द्या आणि वल्हं घ्या. काठ वाऱ्याकडच्या बाजूला असेल तर शिडांच्या नादी न लागता दोन्ही उतरवून वल्हवत येणं सोपं. गाळाचा काठ असेल तर सेंटरबोर्ड वेळेत वर घ्या. तो गाळात रुतला की होडी त्याच्याभोवती फिरून आडवी होते, आणि पुढचा माणूस उतरायला पाय टाकतो तो गुडघाभर चिखलात. म्हणून आधी वल्हं उभं खुपसून खोली पाहा, मगच उतरा.